झाकण बदललं तरी चेक इंजिन लाइट का जात नाही? पेट्रोलच्या वाफेचं लीक शोधायची गोष्ट

गाडी झकास चालतेय, पिकअप नेहमीसारखा, मायलेजमध्ये फरक नाही, आणि तरी डॅशबोर्डवर तो पिवळा इंजिनाचा दिवा पेटलाय. कोड वाचून घेतला तर पी ०४४२, नाहीतर पी ०४५५ किंवा पी ०४५६, म्हणजे पेट्रोलच्या वाफेच्या लीकचे कोड. अमेरिकेत गाडी चालवणाऱ्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न सारखा येतो आणि उत्तरंही ठरलेली असतात, एक म्हणतो पेट्रोलचं झाकण बदल, दुसरा म्हणतो दुर्लक्ष कर काही होत नाही, तिसरा म्हणतो डीलरकडे तेवढा जाऊ नकोस. झाकणाचं उत्तर बऱ्याचदा बरोबर निघतं, ते मान्य. पण झाकण बदलूनही दिवा परत आला की माणूस एकेक पार्ट बदलत सुटतो, आधी पर्ज व्हॉल्व्ह, मग व्हेंट व्हॉल्व्ह, मग कॅनिस्टर, आणि शेवटी लीक सापडतं कुठल्यातरी चिरलेल्या वीतभर रबरी पाइपात. असं होतं कारण हा कोड कुठला पार्ट गेलाय ते सांगतच नाही. गाडीने स्वतःची एक टेस्ट घेतली आणि त्यात ती नापास झाली, एवढंच तो सांगतो. म्हणून आधी ती टेस्ट समजून घ्यायची, पाना नंतर हातात घ्यायचा.

मुळात ही सगळी भानगड आहे कशासाठी? पेट्रोल फार पटकन उडतं. गाडी बंद करून उन्हात उभी केली तरी टाकीतून वाफ निघत राहते, आणि ही वाफ गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडबरोबर सूर्यप्रकाशात मिसळली की ओझोन तयार होतो, डोळे चुरचुरणारा तो पिवळट स्मॉग. लॉस एंजेलिसला १९४० च्या दशकात याचा भयंकर त्रास होता, आणि कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक विद्यापीठातल्या आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच केमिस्टने १९५० च्या सुमारास दाखवून दिलं की यामागे गाड्या आणि पेट्रोलची वाफ आहे. मग कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून आणि बाकी अमेरिकेने १९७१ पासून टाकीची वाफ बाहेर सोडायची नाही असा नियम केला. पुढे १९९६ मध्ये ओबीडी टू, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोड साठवायची पद्धत, आलं तेव्हा आणखी एक पाऊल पुढे गेले, की वाफ नुसती पकडून चालणार नाही, सिस्टिमला भोक पडलंय का हे गाडीने स्वतःच तपासायचं. सुरुवातीला एक मिलिमीटरचं भोक पकडता आलं तरी चालायचं, २००० नंतरच्या गाड्यांत ते अर्ध्या मिलिमीटरवर आणलं. टाकी, झाकण, भरायची नळी, मागून पुढे जाणारे पाइप, एवढ्या सगळ्या पसाऱ्यात मिळून अर्धा मिलिमीटर! म्हणून गाडी मस्त चालते आणि दिवा लागतो, कारण इंजिनाला या भोकाशी काही देणंघेणं नसतं.

आता आत काय काय आहे ते बघू. टाकीतली वाफ एका पाइपातून कॅनिस्टरमध्ये जाते. कॅनिस्टर म्हणजे ॲक्टिव्हेटेड कोळशाने भरलेला प्लॅस्टिकचा डबा, बहुतेक गाड्यांत मागच्या बाजूला टाकीजवळ असतो, तो वाफ धरून ठेवतो. इंजिन गरम होऊन गाडी नीट पळायला लागली की पुढे इंजिनाजवळ असलेला पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इनटेकच्या (इंजिनात हवा जायच्या वाटेच्या) व्हॅक्यूमने ती धरलेली वाफ ओढून इंजिनात जाळून टाकतो. वाफ ओढली तर तिच्या जागी बाहेरची हवा आत यायला पाहिजे ना, ती येते व्हेंट व्हॉल्व्हमधून, तो कॅनिस्टरच्या जवळच असतो. आणि टाकीत किती दाब आहे ते सांगायला एक प्रेशर सेन्सर. बस, एवढंच. यातली एक गोष्ट पाठ करून ठेवा कारण पुढे सगळं तिच्यावर चालतं: वीज नसताना पर्ज व्हॉल्व्ह बंद असतो आणि व्हेंट व्हॉल्व्ह उघडा असतो. हे उलटंपालटं डोक्यात बसलं की चांगला पार्ट खराब म्हणून फेकला जातो.

टेस्ट अशी होते. गाडी रात्रभर उभी राहून गार झालेली आहे, टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये आहे, बाहेर अतिथंडी किंवा अतिउकाडा नाही, असं सगळं जुळलं की कॉम्प्युटर व्हेंट बंद करतो, पर्ज उघडून टाकीत थोडा व्हॅक्यूम ओढतो, मग पर्जही बंद करतो आणि सेन्सरकडे बघत बसतो. व्हॅक्यूम ओढलाच गेला नाही तर पी ०४५५, म्हणजे मोठं लीक. ओढला गेला पण हळूहळू उतरला तर ०४४२, आणखी बारीक असेल तर ०४५६. काही गाड्या अशा चालू इंजिनावर टेस्ट करत नाहीत, इंजिन बंद केल्यावर टाकीतलं पेट्रोल आधी थोडं गरम होतं मग गार होत जातं त्यामुळे आपोआप आधी दाब आणि मग व्हॅक्यूम तयार होतो, त्यावरच काम भागवतात. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत तर कॅनिस्टरपाशी छोटा पंप असतो आणि तो गाडी बंद करून पाच तास झाले की स्वतःहून सुरू होतो, तेव्हा इंजिन पुरेसं गार झालेलं नसेल तर सात तासांनी, नाहीतर साडेनऊ तासांनी. रात्री गॅरेजमधून बारीक घूंऽऽ असा आवाज येतो म्हणून घाबरलेले लोक असतात, तर तो हाच पंप, भूत नाही. 😀

लीकचा कोड आला की दिवा बहुधा लगेच लागत नाही, टेस्ट लागोपाठ दोनदा नापास व्हावी लागते. त्यामुळे पेट्रोल भरताना झाकण ढिलं राहिलं असेल तर दिवा त्या दिवशी न लागता चारपाच दिवसांनी लागू शकतो आणि तोपर्यंत आपण पेट्रोल कधी भरलं तेही विसरलेलो असतो. तसंच झाकण नीट लावलं की दिवा लगेच जात नाही, लागोपाठ तीन वेळा पास व्हायला लागतं. म्हणून झाकण बदलून दुसऱ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून पुढचा पार्ट मागवणं ही घाई आहे. झाकण काढून त्याची रबरी रिंग बघा, चीर आहे का, एका बाजूने चपटी झालीय का, आणि ज्या कडेवर ती बसते ती धातूची कड गंजलीय का. गंजलेल्या कडेवर कितीही नवीन झाकण लावलं तरी काय उपयोग.

कोडबरोबर फ्रीझ फ्रेम नावाचा डेटा साठलेला असतो, कोड वाचायचा स्वस्तातला स्कॅनरसुद्धा तो दाखवतो, आणि लोक तो न वाचताच कोड उडवतात. असं करू नका. कोड आला तेव्हा टाकी किती भरलेली होती, इंजिन किती गरम होतं, गाडी चालू होऊन किती वेळ झाला होता, हे सगळं तिथे असतं. मोठ्या लीकचा कोड असेल आणि आदल्याच दिवशी पेट्रोल भरलेलं दिसत असेल तर झाकणावर संशय घ्यायला जागा आहे. कोडचा नंबरही नीट बघा, ०४४३ किंवा ०४४९ असे कोड लीकचे नसतात, ते त्या त्या व्हॉल्व्हच्या वायरिंगचे असतात, तिथे मल्टीमीटर पाहिजे, लीक शोधायला धूर सोडतात (ते पुढे येईलच) त्याने काही होणार नाही. ०४९६ म्हणजे नको तेव्हा पर्ज चालू आहे, म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय असा दाट संशय.

हा उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह माझ्या मते सगळ्यात जास्त आढळणारा आणि ओळखायला सोपा बिघाड आहे. लक्षण एकच आणि एकदम ठळक: पेट्रोल भरून पंपावरून निघताना गाडी लवकर स्टार्ट होत नाही, कुथते, ॲक्सिलरेटर दाबून धरला तर घरघर करत चालू होते, आणि एरवी मात्र काहीच त्रास नाही. कारण असं की टाकीत पेट्रोल पडतं तेव्हा आतली सगळी वाफ ढकलली जाऊन कॅनिस्टरमध्ये जाते आणि पर्ज व्हॉल्व्ह बंद बसत नसेल तर ती तिथून थेट इनटेकमध्ये, मग इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोलच जास्त. तपासायला स्कॅनरही लागत नाही. इंजिन आयडलवर ठेवा, पर्ज व्हॉल्व्हचं वायरचं कनेक्टर काढा म्हणजे त्याला वीज मिळायचा प्रश्नच उरला नाही, आता कॅनिस्टरकडून येणारा पाइप व्हॉल्व्हपासून सोडवा आणि व्हॉल्व्हच्या त्या उघड्या तोंडावर बोट ठेवा. काहीच ओढ लागायला नको. बोट चिकटलं, बारीक फुसफुस ऐकू आली, की व्हॉल्व्ह गेला, संपला विषय. (कनेक्टर काढल्याने एखादा नवीन कोड येईल, तो नंतर उडवता येतो. आणि पट्टे, पंखा यांपासून हात आणि बाह्या लांब ठेवा, हे सांगायला नको पण सांगतो.) काढलेला व्हॉल्व्ह उलटा करून हातावर आपटून बघा, काळे दाणे पडले तर ते कॅनिस्टरमधल्या कोळशाचे आहेत, म्हणजे कॅनिस्टर आतून फुटलाय आणि नुसता व्हॉल्व्ह बदलला तर थोड्याच दिवसांत नव्यातही तेच दाणे अडकणार.

कॅनिस्टर फुटायचं किंवा बाद व्हायचं एक मोठं कारण आपल्याच हातात असतं. पंपाची नोझल खट् करून बंद झाल्यावरही अजून थोडं, अजून थोडं करत भरायची सवय. टाकीच्या वरच्या बाजूला वाफेसाठी मोकळी जागा ठेवलेली असते, ती भरली की वाफेच्या पाइपातून पातळ पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये शिरतं, आणि कोळसा वाफेसाठी आहे, पेट्रोलमध्ये भिजायला नाही.

व्हेंट व्हॉल्व्हची तऱ्हा वेगळी. तो गाडीच्या खाली मागच्या बाजूला असतो म्हणजे धूळ, चिखल, बर्फाच्या दिवसांत रस्त्यावर टाकतात ते मीठ, सगळं त्याच्या तोंडी. तो बंद होत नसेल तर टेस्टमध्ये मोठं लीक दिसतं, कारण मुळात दारच उघडं. तो उघडत नसेल किंवा त्याचा फिल्टर चोंदला असेल तर उलटा त्रास: पेट्रोल भरताना नोझल सारखी खट् खट् बंद पडते कारण आतल्या वाफेला बाहेर पडायला वाटच नाही, आणि गाडी बरीच चालवून झाल्यावर झाकण उघडलं तर सूंऽऽ करून हवा आत जाते. थोडा आवाज येणं नॉर्मल असतं, पण झाकण ओढून काढावं लागत असेल तर ते नॉर्मल नाही. याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे २०११ चा माझदाचा रिकॉल. माझदा सिक्सच्या २००९-१० च्या पन्नास हजारांहून जास्त गाड्या अमेरिकेत परत बोलवाव्या लागल्या, कारण यलो सॅक नावाचा कोळी कॅनिस्टरच्या व्हेंट पाइपात शिरून जाळं विणत होता. जाळ्याने हवेची वाट बंद, पर्ज मात्र ओढतंय, त्यामुळे टाकीत व्हॅक्यूम वाढत जाऊन टाकीला तडा जायचा धोका. २०१४ मध्ये नंतरच्या मॉडेलसाठी पुन्हा तोच रिकॉल, कोळी तोच. म्हणजे गंमत नाही ही, एवढासा पाइप बंद झाला तर पेट्रोल गळण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

तुमच्याकडे किंवा ओळखीच्या मेकॅनिककडे व्हॉल्व्हना आज्ञा देणारा स्कॅनर असेल तर गाडीची टेस्ट आपणच हाताने घेता येते, आणि माझं मत विचाराल तर पार्ट बदलायच्या आधी प्रत्येकाने हे करायलाच हवं. इंजिन आयडलवर, व्हेंटला बंद व्हायची आज्ञा द्या, पर्ज थोडा उघडा, आणि टाकीच्या प्रेशर सेन्सरचा आकडा बघत राहा. आकडा जागचा हललाच नाही तर तीन शक्यता: पर्ज उघडत नाहीये, मधला पाइप निघालाय किंवा चोंदलाय, नाहीतर व्हेंट बंद झाला नाही किंवा कुठेतरी मोठं भोक आहे. पर्जपाशी पाइप सोडवून बोट लावलं, ओढ आहे, म्हणजे पहिली शक्यता गेली, आता मागे जायचं. आकडा खाली गेला तर पर्ज बंद करा आणि थांबा. तो तिथेच टिकला तर लीक आत्ता तरी नाही, झाकणच ढिलं राहिलं असेल. हळूहळू शून्याकडे यायला लागला तर बारीक लीक आहे. शेवटी व्हेंट उघडायला सांगा, आकडा झटकन शून्यावर आला पाहिजे, रेंगाळला तर व्हेंटची वाट चोंदलीय. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढे बघायचं की मागे, भोक शोधायचं की अडथळा, हे त्यात ठरतं. सेन्सरचं म्हणणं खरंय ना तेही आधीच बघून घ्या, झाकण काढून ठेवलं की त्याने शून्याच्या जवळपास दाखवायला हवं, तसं दाखवत नसेल तर बाकी सगळ्या टेस्ट फुकट.

बारीक लीक नेमकं कुठे ते शोधायला मात्र स्मोक मशीन लागतं. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघतो, तसाच हा प्रकार, पाण्याऐवजी मिनरल ऑइलचा पांढरा धूर. फरक इतकाच की इथे दाब अगदी नगण्य द्यायचा, अर्ध्या पीएसआयच्या आतबाहेर. आपल्या टायरमध्ये ३२-३५ पीएसआय असतं म्हणजे अंदाज येईल. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा सरळ टाकीत सोडायचा शहाणपणा कोणी करू नये, एकतर टाकी आणि सेन्सर फाटतील आणि दुसरं म्हणजे पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळून नको ते मिश्रण तयार होतं. चांगल्या दुकानात त्यासाठी नायट्रोजन वापरतात.

आणि इथेच नवशिके फसतात. धूर सोडला, गाडीखाली बघितलं तर कॅनिस्टरपाशी धूर निघतोय, सापडलं लीक, लावा नवीन कॅनिस्टर! अरे पण व्हेंट वीज नसताना उघडाच असतो, धूर तिथून निघणारच. व्हेंट बंद ठेवूनच धूर सोडायचा, स्कॅनरने बंद करा किंवा त्याला वीज द्या. दुसरी पळवाट पुढे असते, पर्ज व्हॉल्व्ह आतून गळत असेल तर धूर इनटेकमध्ये जातो आणि बाहेर कुठेच दिसत नाही, म्हणून पर्जकडचा पाइप सोडवून तिथेही बघायचं. ओळखीतल्या एकांच्या गाडीचं असंच झालं, न्यू जर्सीतली दहाबारा वर्षं जुनी गाडी, कोड ०४४२, झाकण बदललेलं, एका दुकानाने कॅनिस्टर बदलायचं भलंमोठं एस्टिमेट दिलेलं. दुसरीकडे व्हेंट बंद करून धूर सोडला तर बराच वेळ काहीच नाही, आणि मग मागच्या चाकाच्या आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरमागून एक अगदी बारीक रेघ वर आली. लायनर काढलं. पेट्रोल भरायची धातूची नळी जिथे ब्रॅकेटने बॉडीला धरलेली असते तिथे मीठ आणि चिखल साठून नळी गंजलेली, नखाने टोकरलं तर पापुद्रे निघत होते. बर्फाच्या राज्यांतल्या जुन्या गाड्यांत ही जागा आधी बघावी. आणि फ्युएल पंप नुकताच बदलला असेल तर टाकीवरची त्याची रबरी रिंग, ती नीट बसवलेली नसते हेही फार वेळा निघतं.

दुरुस्ती झाली की कोड उडवून दुसऱ्याच दिवशी इन्स्पेक्शनला, म्हणजे अमेरिकेतल्या राज्यांच्या प्रदूषण तपासणीला, जायचा मोह होतो. कोड उडवला की गाडीच्या सगळ्या सेल्फ-टेस्ट "झालेल्या नाहीत" या स्थितीला जातात आणि इन्स्पेक्शनच्या मशीनला ते लगेच कळतं. कॅलिफोर्नियात २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना नेमकी हीच वाफेची टेस्ट अपुरी असली तरी चालते, बाकीच्या सगळ्या पूर्ण पाहिजेत. अशी तपासणी असलेल्या इतर बहुतेक राज्यांत २००१ आणि त्यानंतरच्या गाड्यांना कुठलीही एक अपुरी चालते. वाफेची टेस्ट सगळ्यात शेवटी पूर्ण होते, त्यामुळे ती लवकर व्हावी असं वाटत असेल तर टाकी अर्ध्याच्या आसपास ठेवा, रात्रभर गाडी हलवू नका, सकाळी गार इंजिनावर चालू करून हायवेवर एकसारख्या वेगाने चालवा. टाकी कायम काठोकाठ भरलेली ठेवून महिनाभर चालवलं तरी ती टेस्ट सुरूच होणार नाही. आणि दिवा असताना गाडी चालवावी का, तर नुसतं बारीक लीक असेल आणि वास येत नसेल तर चालवायला हरकत नाही, पण पेट्रोलचा उग्र वास येतोय किंवा खाली ओलं दिसतंय तर तो विषय वाफेचा राहिलेला नाही, गाडी तिथेच उभी करून बोलवा कोणालातरी.

आता इकडे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. तुमच्या पेट्रोल गाडीतही कॅनिस्टर आणि पर्ज व्हॉल्व्ह आहेच, आता स्कूटर-बाइकलाही कॅनिस्टर असतो. पण आपले नियम युरोपच्या धर्तीवरचे, त्यात अर्ध्या मिलिमीटरचं भोक शोधायची अमेरिकेसारखी सक्ती नाही, मुख्य लक्ष पर्ज व्हॉल्व्हच्या वायरिंगवर असतं. त्यामुळे इथे लीकचा कोड सहसा दिसणार नाही, लक्षणांवरूनच ओळखायला लागतं: पंपावरून निघताना गाडी कुथणं, आयडल वरखाली होणं, पार्किंगमध्ये सकाळी पेट्रोलचा वास. पीयूसीत यातलं काहीच पकडलं जात नाही कारण ते सायलेन्सरच्या तोंडाशी मोजतात, टाकीशी नाही. बोट लावायची टेस्ट मात्र पुण्यातही तशीच चालते. आणि पंपावर नोझल खट् झाल्यावर "राऊंड फिगर करून टाक रे" म्हणायचं बंद करा, पाचशे रुपयांचं भरायचं असेल तर आधीच पाचशे सांगा.